घड्याळाचे मशीन बदलताना

आमच्या आबांचे घड्याळ गेल्या पावसाळ्यात पाण्यात पडले. पडले म्हणजे गोठ्याजवळच्या टाकीत हात घालून ते म्हशीसाठी बादली भरत होते, पट्ट्याची पिन निसटली आणि घड्याळ तळाला गेले. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने ते काठीने ओढून वर काढले, धोतराच्या सोग्याला पुसले, दोन दिवस कौलावर उन्हात ठेवले आणि घरात कोणाला काही सांगितले नाही. पंधरा दिवसांनी मी गावी गेलो तेव्हा मनगट मोकळे दिसले म्हणून विचारले. तेव्हा कुठे बंडीच्या खिशातून घड्याळ निघाले. काचेच्या आतून वाफ धरलेली, तिन्ही काटे पावणेआठला थांबलेले.

"राहू दे आता," आबा म्हणाले, "मला कुठं गाडी गाठायचीय?"

पण ते घड्याळ साधे नव्हते. म्हणजे किमतीने साधेच होते, एच.एम.टी.चे 'जनता', डायलवर देवनागरीत नाव असलेले. आबांनी ते १९७८ साली उसाच्या पहिल्या बिलातून घेतले. आमचे रान नीरा उजव्या कालव्याच्या चारीवर. शेजपाळीचे पाणी ज्यांनी भरले आहे त्यांना सांगायला नको की रात्री अडीच वाजता पाळी बदलते म्हणजे अडीचलाच बदलते. वरच्या रानवाल्याने दारे मोडायला दहा मिनिटे उशीर केला की खालच्याचा वाफा कोरडा राहतो आणि मग सकाळी चावडीवर शब्दाला शब्द लागतो. आबांचे घड्याळ आल्यावर चारीवरची सहा-सात घरे त्यावरच पाळ्या लावू लागली. कंदिलाच्या उजेडात चार डोकी त्या घड्याळावर वाकलेली मी लहानपणी पाहिली आहेत. तेव्हा हे घड्याळ बंद पडलेले बघून मला 'राहू दे' म्हणवेना.

आता मी काही घड्याळजी नव्हे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून उमर गेली; बियाणे, खते, पंप यांविषयी चार शब्द सांगू शकतो. पण घड्याळाचे मशीन बदलण्याच्या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे आणि दुसऱ्यांदा फसू नये म्हणून बरीच विचारपूस केली. खेड्यापाड्यांत घरोघरी पेटीच्या तळाशी चावीचे एखादे घड्याळ पडलेले असतेच, कोणाच्या वडिलांचे, कोणाला लग्नात मिळालेले. ते चालू करावे असे केव्हातरी मनात येते. त्या वेळी हे वाचलेले उपयोगी पडावे.

फसलो ते असे

माझे लग्न १९९६ सालचे. तोवर सेलची घड्याळे सगळीकडे झाली होती, पण माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातातले स्विस बनावटीचे चावीचे घड्याळ काढून मला दिले. सहाच्या आकड्यावर लहानशी वेगळी वाटोळी जागा आणि तिच्यात बोटाच्या नखाएवढा सेकंदकाटा, अशी त्याची ठेवण होती. काही वर्षांनी ते मागे पडू लागले म्हणून जिल्ह्याच्या गावी एका दुकानात दिले. आठवड्याने घ्यायला गेलो तर घड्याळ चालू, आणि बिल माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. मी खूश! घरी आल्यावर सौ.च्या लक्षात आले की सहावरचा लहान सेकंदकाटा गायब आहे, त्याची वाटी रिकामी आहे, आणि मधोमध एक लांब सेकंदकाटा फिरतो आहे. दुकानदाराने मला न विचारता आतले अख्खे मशीनच बदलले होते.

पुढची गंमत दोन महिन्यांनी कळली. बाराचा आकडा हळूहळू उजवीकडे सरकू लागला. दुसऱ्या एका घड्याळजीने उघडून दाखवले. डायलच्या पाठीमागे दोन बारीक तांब्याच्या काड्या असतात, त्यांना पाय म्हणतात. त्या मशीनच्या दोन भोकांत बसतात आणि स्क्रूने आवळल्या जातात. नव्या मशीनची भोके वेगळ्या जागी होती म्हणून दुकानदाराने ते पायच कापून टाकले आणि डायल डिंकासारख्या कशाने तरी चिकटवली. जुने मशीन परत मागायला गेलो, तर "भंगारात गेले" असे उत्तर मिळाले. सासरे तेव्हा हयात होते. त्यांच्याकडे जाताना ते घड्याळ मी बाहीखाली दडवून ठेवत असे.

आधी मशीन खरेच गेले आहे का?

म्हणून या वेळी मी तालुक्याला एका वयस्क घड्याळजींकडे गेलो. गल्लीतल्या जिन्याखाली काचेची पेटी, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. सारे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. घड्याळ हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मशीनचा नव्हताच.

"पाण्यात पडून किती दिवस झाले, साहेब?"

मी सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. पाणी शिरलेले घड्याळ उन्हात वाळवायचे नसते. उन्हाने आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडत नाही आणि पोलादी भागांवर बसते. त्याच दिवशी उघडून साफ केले तर बहुधा काहीच जात नाही, पंधरा दिवसांत गंज चढतो. एवढे एक वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा.

चाचांचे म्हणणे असे की त्यांच्याकडे 'मशीन गेले' म्हणून येणाऱ्या घड्याळांपैकी बहुतेकांचे मशीन गेलेले नसते. तेल वाळून चिकट झालेले असते. त्यात शेतातली धूळ, पिठाच्या गिरणीतले पीठ, काय काय सापडते. सगळे भाग सुटे करून धुतले, सुकवले आणि योग्य जागी योग्य तेवढेच तेल दिले की घड्याळ चालू होते. चावी देताना ती नुसती गरगर फिरत राहिली, कधी भरतच नाही असे वाटले, तर मेनस्प्रिंग तुटली असेल. ती नवी टाकता येते. चावीच हातात आली तर स्टेम तुटला, तोही नवा बसतो. चावी पूर्ण भरली आहे, पण हलवले की दोन क्षण चालून थांबते, अशा वेळी मळ तरी आहे किंवा बॅलन्सचा आस मोडला आहे. बॅलन्स म्हणजे ते सोनेरी चाक जे उलटसुलट हेलकावे घेते. त्याच्या आसाचे टोक केसाहून बारीक असते आणि घड्याळ फरशीवर पडले की पहिल्यांदा तेच मोडते. ते जपण्यासाठी त्याच्या टोकाच्या खड्याला बारीक स्प्रिंगची गादी देतात. 'जनता'च्या डायलवर 'पॅरा-शॉक' असे लिहिलेले असते ते त्याचेच नाव.

आणखी एक प्रकार अलीकडे वाढला आहे. घड्याळ एकाएकी तासाला पाच-दहा मिनिटे पुढे जाऊ लागते. मोबाईलच्या किंवा स्पीकरच्या शेजारी ठेवल्याने आतल्या हेअरस्प्रिंगला चुंबकत्व येते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाक भराभर हलू लागते. ते काढून टाकायचे यंत्र घड्याळजीकडे असते आणि काम मिनिटाभराचे असते. एवढ्यावरून कोणी मशीन बदलायला सांगितले तर घड्याळ उचलावे आणि दुकानातून बाहेर पडावे.

आबांच्या घड्याळाचे मात्र यातले काही नव्हते. चाचांनी पाठ उघडून भिंग माझ्या डोळ्याला लावले. हेअरस्प्रिंगवर तांबूस ठिपके, लहान दातेरी चाकांच्या आसांवर गंज, आणि खालच्या पत्र्यातले दोन स्क्रू तर गंजून एकजीव झालेले. "एक-दोन भाग असते तर बदलले असते," ते म्हणाले, "इथं सगळ्या घराला वाळवी लागलीय. मशीनच बघावं लागंल."

ठोक्यांचा हिशेब

मशीन बघायचे म्हणजे काय बघायचे, हे आपल्या लोकांना पंपाच्या भाषेत लवकर कळेल. विहिरीवरची मोटर जळाली तर आपण बाजारातून दिसेल ती मोटर आणतो का? किती अश्वशक्तीची, किती फेऱ्यांची, शाफ्ट केवढा, पायाच्या बोल्टची भोके कुठे, हे सगळे जुळवतो. २८८० फेऱ्यांच्या जागी १४४० फेऱ्यांची मोटर बसवली तर पंप फिरतो, पण पाणी वर चढत नाही. घड्याळाचेही तसेच.

मोटरीला जशा फेऱ्या तसे घड्याळाला ठोके. बॅलन्सचे चाक एका बाजूला गेले की एक ठोका, परत आले की दुसरा. आपण कानाशी धरून टिक-टिक ऐकतो ती हीच. 'जनता'सारख्या जुन्या चावीच्या घड्याळाचे ठोके तासाला १८,००० असतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे होतात ४ लाख ३२ हजार. वर्षाचे पावणेसोळा कोटींच्या घरात. आबांच्या घड्याळाने चाळीस-पंचेचाळीस वर्षांत किती ठोके दिले असतील त्याचा हिशेब ज्यांनी त्यांनी करावा, मला तो करून थक्क व्हायला झाले.

याला मंद ठोक्याचे मशीन म्हणतात. नंतरच्या काळात २१,६०० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला सहा, आणि पुढे २८,८०० ठोक्यांची, सेकंदाला आठ, अशी मशीने सर्वत्र रुळली. जलद ठोक्याला एक खरा फायदा आहे. भोवरा जोरात फिरत असला की धक्क्याने डगमगत नाही, तसे जलद हलणारे चाक हाताच्या हिसक्याने कमी बिघडते, आणि वेळ नेमकी ठेवायला सोपे जाते. मंद ठोक्याच्या घड्याळाला ट्रॅक्टरचे हादरे जास्त जाणवतात. हे मी लपवून ठेवणार नाही. दिवसाला पाच-दहा सेकंदही चुकू नयेत असे ज्याला वाटते त्याने सरळ सेलचे घड्याळ घ्यावे. ते स्वस्त आहे आणि या बाबतीत कोणत्याही चावीच्या घड्याळाच्या पुढे आहे.

मग मंद ठोक्याच्याच मागे का लागायचे? एक तर त्याला कमी जोराची स्प्रिंग पुरते. चाकांवर आणि आसांवर ताण कमी, दातांची झीज कमी. त्यातून जुन्या मशीनचे भाग मोठे आणि मोकळे असतात. तालुक्याचा घड्याळजी ते हातात धरू शकतो. जलद ठोक्याच्या मशीनला तेल फार काटेकोर लागते, जरा चुकले की चालत्या भागावरून उडून जाते. आणि शेवटचे कारण हिशेबात बसणारे नाही. ज्या घड्याळाचा सेकंदकाटा पंचेचाळीस वर्षे एका चालीने चालला त्याची चाल बदललेली माणसाला कळते. आबांनी मशीन बदलणार म्हटल्यावर एवढेच विचारले होते, "आवाज त्योच येईल ना?"

इथे एक धोका सांगून ठेवतो. अख्खे मशीन बदलले तर ठोके वेगळे असूनही काटे वेळ बरोबर दाखवतात, कारण त्या मशीनची चाके त्या ठोक्यांच्या हिशेबानेच कापलेली असतात. पण काही कारागीर एका मशीनचा बॅलन्स दुसऱ्यात घालतात. २१,६०० ठोक्यांचा बॅलन्स १८,००० च्या मशीनमध्ये कसाबसा बसवला तर घड्याळ तासाला बारा मिनिटे पुढे जाईल! सुटा भाग घ्यायचा तर त्याच क्रमांकाच्या मशीनचा घ्यावा.

नाव डायलवर, जात आत

क्रमांक कोणता? डायलवरचे नाव ही घड्याळाची जात नव्हे. एकाच नावाच्या घड्याळांत वेगवेगळी मशीने निघतात आणि वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत एकच मशीन निघते. कलमाच्या आंब्याला पाटी कशाचीही लावता येते, झाड काय ते पानावरून आणि फळावरून कळते. मशीनचा क्रमांक त्याच्या पत्र्यावर कोरलेला असतो. जुन्या स्विस मशीनमध्ये तो पुष्कळदा बॅलन्सच्या चाकाखाली लपलेला सापडतो. आबांच्या घड्याळात निघाला ०२३१. एच.एम.टी.च्या चावीच्या कितीतरी घड्याळांत, 'जनता'त आणि 'पायलट'मध्येही, हेच सतरा खड्यांचे मशीन आहे. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना सुरू झाला, त्या घराण्यातले हे मशीन.

कारखाना आता नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हा नवे ०२३१ कारखान्यातून मागवू म्हटले तर सोय नाही. मिळेल ते जुन्या घड्याळातून काढलेले, किंवा एखाद्या दुकानदाराने त्या काळी साठवून ठेवलेले.

मी चाचांना विचारले, दुसरे काही चालेल का? त्यांनी एकेक सांगितले. चीनमध्ये १९७० च्या दशकात सगळ्या कारखान्यांसाठी मिळून एकच साचा ठरवला होता, त्याची मशीने अजून मिळतात, स्वस्त असतात; पण ठोके २१,६००. रशियाच्या वोस्तोकचे २४०९ हे सतरा खड्यांचे मशीन दणकट आहे, त्याचे ठोके १९,८००, म्हणजे मधलेच. मंद ठोक्याचे म्हणून नावाजलेले स्विस ६४९७ आहे, पण ते मूळचे खिशातल्या घड्याळाचे, रुंदीला साडेछत्तीस मिलिमीटरच्या वर. आबांच्या घड्याळाच्या केसमध्ये ते घालायचे म्हणजे खुराड्यात रेडा. ही मशीने वाईट मुळीच नाहीत. रिकामी केस आणि कोरी डायल घेऊन नवे घड्याळ जुळवणाऱ्याने यांतले कोणतेही घ्यावे. पण जुनी डायल, जुने काटे, जुनी केस ठेवायची असेल तर अडचणी सुरू होतात.

पहिली रुंदीची. मशीनची रुंदी घड्याळजी अजून 'लाइन'मध्ये सांगतात. एक लाइन म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या किंचित वर. लहान मशीन मोठ्या केसमध्ये भोवती कडे घालून बसवता येते, मोठे लहानात बसत नाही. दुसरी अडचण चावीच्या उंचीची, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. केसच्या कडेला स्टेम आत जाण्याचे भोक ठरलेल्या उंचीवर असते. मशीनमधली स्टेमची जागा केसभराने वर-खाली असली तरी स्टेम तिरका बसतो, चावी घासते, आणि सहा महिन्यांत मोडते. तिसरी डायलच्या पायांची, ती मी भोगलेली आहे. चौथी काट्यांची: तास, मिनिट आणि सेकंद या तिन्ही काट्यांची भोके मशीनच्या तीन नळ्यांवर घट्ट बसावी लागतात. सैल काटा चिमट्याने दाबून बसवतात, तो हातवारे केले की गळतो. तारखेचे घड्याळ असेल तर खिडकीसमोर तारीख यायला हवी, तो आणखी एक घोर.

थोडक्यात, मोटर नवी आणली, पण पायाचे बोल्ट जुळत नाहीत म्हणून पायाच फोडायचा, असा प्रकार होतो. "त्याच क्रमांकाचं आणा," चाचा म्हणाले, "म्हणजे मला कुठं कानस लावावी लागणार नाही."

काकूंचे घड्याळ

त्याच क्रमांकाचे शोधायचे म्हटल्यावर मी गावातच विचारले. आमच्या चुलत काकूंच्या पेटीत काकांचे 'जनता' होते. काका जाऊन बारा वर्षे झाली. काकूंनी फडक्यात गुंडाळलेले घड्याळ माझ्या हातात ठेवले.

"ने बाळा. बंदच आहे. भावजींच्या उपयोगी पडू दे."

मी ते चाचांकडे नेले. त्यांनी पाठ उघडली, भिंगातून पाहिले, एका बारीक काडीने कुठेतरी थेंबभर काहीतरी लावले आणि चार वेळा चावी दिली. घड्याळ चालू लागले. मला आनंद झाला, मशीन मिळाले! पण चाचांनी पाठ पुन्हा बंद केली आणि घड्याळ माझ्यापुढे सरकवले.

"हे मी मारणार नाही, साहेब. हे धुऊन तेल दिलं की वीस वर्षं जाईल. ज्याचं आहे त्याच्या घरी द्या."

माझी थोडी चिडचिड झाली हे कबूल करतो. एक फेरी वाया गेली होती आणि काकूंनी तर स्वखुशीने दिले होते. पण त्यांचे बोलणे बरोबर होते. एक घड्याळ जगवायला दुसरे चालते घड्याळ मोडायचे, यात कसला फायदा? चाचांनी ते धुऊन दिले, पैसे मी भरले. संध्याकाळी काकूंच्या हातात ते टिकटिकते घड्याळ ठेवले तेव्हा त्यांनी ते कानाला लावले आणि पदर डोळ्यांना. मग मला बसवून चहा केला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नातू ते घालून कॉलेजला जातो.

बाजारातले घड्याळ कसे पाहावे

शेवटी पुण्याला कामासाठी गेलो तेव्हा जुन्या बाजारात गेलो. तिथे आणि मुंबईच्या चोर बाजारात अशी घड्याळे मिळतात, आता मोबाईलवरूनही मागवता येतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: जे घड्याळ बाहेरून नव्यासारखे चकचकीत दिसते, लाल-निळी रंगीत डायल आहे, ते आपल्या कामाचे बहुधा नसते. जुनी डायल पुन्हा रंगवून, आत चार घड्याळांचे भाग एकत्र करून ती विकायला ठेवलेली असतात. आपल्याला मशीन हवे, रंग नव्हे. म्हणून बाहेरून गेलेले, आतून बरे, असे पाहावे. डायल पाण्याने काळवंडली आहे, केसचा मुलामा उडाला आहे, काच फुटकी आहे, असे घड्याळ स्वस्त असते आणि त्याचा जीव घेतल्याचे पापही लागत नाही.

पाठ उघडून दाखवायला सांगावे. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये. आधी स्क्रूची डोकी पाहावीत. खाचा फाटलेल्या, ओरखडलेल्या असतील तर अनेक हातांनी ते उघडले आहे. मग हेअरस्प्रिंग: तिचे वेढे उसाच्या चरकाच्या खुणेसारखे सारख्या अंतराने आणि एका पातळीत हवेत. एका बाजूला दाटलेले असतील तर पुढे जावे. चावी न देता घड्याळ हळूच हलवले की चाक सैल, मोकळे हलले पाहिजे. गंजाचा एक ठिपकाही नको. तो आतल्या आसावर किती असेल ते वरून कळत नाही. क्रमांक तोच आहे ना, ते पुन्हा एकदा वाचावे. मी वाचायला चष्मा विसरलो होतो. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या मुलाकडून वाचून घेतला.

अशी दोन घड्याळे पाहून सोडली, तिसरे घेतले. डायलवरचे नाव पार पुसलेले होते, आतला भाग पिवळा-स्वच्छ. पैसे हजाराच्या आत गेले.

चाचांनी ते मशीन सगळे सुटे करून धुतले. मेनस्प्रिंग नवी घातली, कारण जुनी थकलेली असतेच. जोडल्यावर टायमिंगच्या यंत्रावर ठेवले. या यंत्राला ठोके ऐकू येतात आणि ते तीन आकडे दाखवते. एक, दिवसाला किती सेकंद मागे-पुढे. दोन, चाक किती अंश झोका घेते. तीन, दोन्ही बाजूंचे ठोके सारखे पडतात का. विकत घेताना किंवा काम झाल्यावर आपण मधला आकडा जरूर विचारावा. पूर्ण चावी दिलेल्या, आडव्या ठेवलेल्या जुन्या घड्याळाचा झोका अडीचशे अंशांच्या वर असला तर समाधान मानावे. दोनशेच्या खाली असला तर आत काहीतरी अडते आहे, मग पहिला आकडा कितीही गोड असो. तो पहिला आकडा कळ सरकवून कोणालाही गोड करता येतो. घड्याळ नुसते आडवे ठेवून पाहू नये, उभे धरून, चावी खाली करून, अशा तीन-चार बाजूंनी पाहायला सांगावे. आपला हात काही दिवसभर टेबलावर पडून नसतो.

आबांची डायल, आबांचे काटे, आबांची केस. डायलचे पाय नव्या मशीनच्या भोकांत जिथल्या तिथे गेले, कुठे कानस लागली नाही. पाठीची रबराची रिंग नवी घातली, तरी चाचांनी बजावले की याला पाण्याचे घड्याळ समजू नका. जुने गंजलेले मशीन मी मागून घेतले. त्यातले दोन-चार भाग अजून चांगले आहेत, पुढे कोणाला लागतील. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत घालून ते कपाटात ठेवले आहे.

घड्याळ घेऊन गावी गेलो. मनात एक शंका होती ती आबांना विचारूनच टाकली. म्हटले, "आबा, आतलं सगळं दुसऱ्याचं आहे. हे तुमचंच घड्याळ म्हणायचं का?"

आबा पट्टा आवळत होते. म्हणाले, "आरं, बैलगाडीचा आख बदलला, धावा बदलल्या, साटी नवी घातली, म्हणून गाडी काय दुसऱ्याची हुती व्हय?" मग त्यांनी घड्याळ डाव्या कानाला लावले. उजव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही. बराच वेळ लावून ठेवले.

घड्याळ दिवसाला वीस-पंचवीस सेकंद पुढे जाते. चाचा म्हणाले आणा, अजून बारीक लावून देतो. आबा देत नाहीत. रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की ते चावी देतात आणि चार-सहा दिवसांनी काटा मिनिटभर मागे घेतात. आता शेजपाळीला माझा पुतण्या मोबाईल घेऊन जातो. तरी रात्रीची पाळी असली की निघताना तो आबांच्या खाटेपाशी थांबतो, आणि आबा अंधारात घड्याळ डोळ्याजवळ नेऊन त्याला वेळ सांगतात.